फिल्टर बदलून येऊ नका
(आमच्या ट्रक-टिपरवाल्या ग्राहकांसाठी)

गाडी चढावर ओढत नाही, मध्येच झटके मारते, सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही. शोरूमला दोनदा जाऊन आली तरी तेच. उसगावला आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बऱ्याच गाड्यांची कथा एवढीच असते. पण गाडी आत घ्यायच्या आधीच मालक मोठ्या कौतुकाने सांगतात, "काल रात्रीच नवे डिझेल फिल्टर घातले, कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोडपण काढून टाकला." आमचा अर्धा दिवस तिथेच गेलेला असतो. म्हणून हा कागद.

जुना फिल्टर आम्ही कापून उघडतो. कागदाच्या घड्यांत लाल माती दिसली तर ती खाणीच्या रस्त्याची, टाकीच्या झाकणातून किंवा उघड्या डब्यातून आत गेलेली. काळा, बुळबुळीत थर असेल तर टाकीत पाणी साचून जंतू वाढलेत. बोटाला चकाकणारी कणी लागली, तर इंजिनचा डिझेल पंपच झिजतोय आणि त्याचा चुरा रिटर्नच्या (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणाऱ्या) पाईपने टाकीत येतोय. तीन वेगळे रोग, आणि तीन बिलांत जमीन-अस्मानाचा फरक. तो फिल्टर तुम्ही कचऱ्यात टाकून आलात की आम्हाला अंधारात चाचपडावं लागतं. शिवाय नव्या फिल्टरवर गाडी चार दिवस बरी पळते. आम्ही चालवून बघतो तर सगळं ठीक, आणि पुढच्या आठवड्यात तुमचा फोन.

कोडचंही तसंच. कोडबरोबर त्या क्षणाची नोंद असते: इंजिन किती फेऱ्यांवर होतं, लोड किती होता. कोड पुसला की बहुतेक गाड्यांत तीही जाते.

आणखी एक. रस्त्याकडेला फिल्टर बदलताना ड्रायव्हर कॅनमधलं डिझेल मधल्या भोकातून ओततो. ती गाळून झाल्यानंतरची बाजू आहे! म्हणजे न गाळलेलं डिझेल थेट पंपात आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरात. टायरमध्ये आठेक बार हवा असते. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, लोडवर १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. तिथे धुळीचा कण म्हणजे पॉलिश पेपर. फिल्टर कोरडा बसवा आणि हातपंपाने भरा. जुन्या गाड्यांसारखे इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायला तर जाऊच नका. इंजिन फिरत असताना ती धार कातडीत घुसते.

शोरूमला जमत नाही असं आम्ही म्हणत नाही. कॉम्प्युटर 'रेल प्रेशर कमी' एवढंच सांगतो, का कमी ते सांगत नाही. मग आधी सेन्सर बदलतात, मग इंजेक्टर, मग पंप. गाडी रिकामी, सपाट रस्त्यावर एक फेरी मारून परत देतात. दोष मात्र भरल्या गाडीत, घाटातच निघतो. गेल्या गणेश चवथीनंतर एक टिपर आला. इंजेक्टरचा सेट नवा, तरी मोले सोडून अनमोड घाटाचा चढ लागला की गाडी मरायची. आमचा मिस्त्री बरोबर गेला. गाडी थांबली तशी त्याने आधी टाकीचं झाकण फिरवलं. आतून सूंऽऽ करून हवा ओढली गेली. झाकणाचं हवेचं भोक चिखलाने बुजलेलं, त्यामुळे टाकीत पोकळी होऊन पंपाला डिझेलच ओढता येत नव्हतं. झाकण बदललं, काम संपलं. इंजेक्टरच्या बिलाबद्दल मालकाशी आम्ही काही बोललो नाही.

दुसरा नेहमीचा चोर म्हणजे हवा. टाकी ते पंप या पाईपात ओढ असते, म्हणून वॉशर किंवा ओरिंग गेलं तरी डिझेल बाहेर ठिबकेलच असं नाही, हवा मात्र आत शिरते. आम्ही मध्ये हातभर पारदर्शक पाईप जोडतो. सोड्यासारखे बुडबुडे तुम्हीच उभे राहून बघा. इंजेक्टरवर संशय असला तर प्रत्येकाचं रिटर्न वेगळ्या बाटलीत काढून मोजतो. जी बाटली इतरांच्या आधी भरते, तो इंजेक्टर दोषी. मोजल्याशिवाय आम्ही इंजेक्टर उतरवत नाही. बीएस-६ गाडी ओढत नसेल तर डीईएफची (धूर साफ करायला वापरतात त्या युरियाच्या पाण्याची) तक्रारही असू शकते, तेही बघतो.

मायनिंग बंद असताना पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत आपल्या दमट हवेचं पाणी धरतं. चालू करण्याआधी सेपरेटरचं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचं) पाणी सोडा.

वॉरंटीतली गाडी आमच्याकडे खोलू नका, शोरूमलाच न्या. आम्ही न खोलता मोजमाप करून कागदावर लिहून देऊ. तिथे प्रत्येक वेळी जॉबकार्डची प्रत घ्या, बदललेले पार्ट मागून घ्या. "डिझेल खराब" म्हणाले तर तेही लेखी मागा आणि पेट्रोल पंपाची पावती जपा. तिथे डिझेलची घनता तपासून मागायचा तुम्हाला हक्क आहे. एवढं करूनही ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५, नाहीतर पर्वरी किंवा मडगावचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. ट्रक स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर धंद्याची गाडी म्हणून दार बंद होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

तपासणीचे आम्ही १५०० रुपये घेतो, दोष सापडो न सापडो. काम इथेच केलंत तर बिलातून वजा. "नुसतं बघायचे पैसे?" असं विचारतात. बघायचे पैसे घेतले नाहीत तर आम्हालाही तुमच्या गळ्यात एखादा पार्ट मारावा लागेल.

येताना गाडी शक्यतो भरलेली आणा आणि जो ड्रायव्हर रोज चालवतो त्यालाच पाठवा. फिल्टर बदलून झालाच असेल तर जुना घेऊन या, दोन पिशव्यांत घालून, नाहीतर केबिनभर डिझेल सांडतं.