ट्रंकेतला मुकुट जनरलचा की सुभेदार-मेजरचा?

कोकणात जुन्या घराच्या माळ्यावरून लष्करी बिल्ले निघाले तर कोणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. अडचण होते ती त्यांच्यासोबत येणाऱ्या कहाणीमुळे. पितळेचा एखादा मुकुट, दोन तारे, काळवंडलेल्या जरीची पट्टी हाती लागते आणि ती 'जनरलसाहेबांची' ठरते. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्या एका उल्लेखावर भाव चढतो. पण कोकणातल्या ट्रंकेत जनरलची चिन्हं सापडणं इतकं दुर्मीळ का, याचं उत्तर इथल्या भरतीच्या इतिहासात आहे.

मुंबई इलाख्याच्या फौजेला रत्नागिरी आणि सावंतवाडीकडच्या माणसांचा मोठा आधार होता. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दापोलीला छावणी केली आणि 'कॅम्प दापोली' हे नाव कायमचं चिकटलं. पुढे तिथे पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर राहत. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, निवृत्तीनंतर सहकुटुंब काही काळ दापोलीतच होते. 1890 च्या दशकात सरकारच्या डोक्यात 'लढवय्या जातीं'चं, म्हणजे काही जातीच जन्मजात लढाऊ असतात असं, खूळ शिरलं आणि महारांची भरती थांबली. या बंदीविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने 1894 मध्ये निवेदन तयार केलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा सरकारला पुन्हा महार आठवले. 1917 ला 111वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 ला मोडलीही. महार रेजिमेंट आली ती 1941 मध्ये. मराठा पलटणींत मात्र कोकणची भरती चालूच होती. 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले.

एवढी माणसं फौजेत गेली, तरी त्यांना वर चढायला मर्यादा होती. हिंदी शिपायाची मजल सुभेदार-मेजरपर्यंत. जमादाराच्या खांद्यावर एक तारा, सुभेदाराच्या दोन, आणि सुभेदार-मेजरच्या खांद्यावर मुकुट. गोऱ्या मेजरचं चिन्हही मुकुटच. लेफ्टनंट जनरलच्या खांद्यावरही मुकुट असे, पण त्याच्या जोडीला एकमेकांवर आडवी ठेवलेली तलवार आणि दंड (बॅटन, म्हणजे सेनानीच्या हातातली छोटी काठी) असत. तेव्हा चिपळूणच्या किंवा देवरुखच्या घरात सुटा मुकुट निघाला, तर तो कोणा आजोबांच्या सुभेदार-मेजरकीचा असण्याचीच शक्यता जास्त. माझ्या मते तो अधिक मोलाचाही आहे, पण बाजाराला हे पटत नाही.

जनरलची खरी खूण म्हणजे ही तलवार आणि दंड. यातली तलवार वाकडी, मामलुक म्हणजे इजिप्तच्या जुन्या योद्ध्यांच्या घाटाची आहे. ब्रिटिश जनरलांनी ती 1831 पासून वापरायला घेतली. ही चिन्हं डाव्या-उजव्या खांद्यासाठी एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी घडवलेली असतात. दोन्ही तुकडे एकाच बाजूचे निघाले तर जोडी नंतर जुळवलेली आहे असं समजावं. तीच तलवार आणि दंड पानांच्या वेलीत बसवलेले कोटाच्या गुंड्यांवरही दिसतात. कॉलरवरच्या लाल पट्ट्या वेगळ्या. त्यांवरचे तारे आपल्या सैन्यात आज ब्रिगेडियरला एक, मेजर जनरलला दोन असे वाढत फील्ड मार्शलला पाच होतात.

संस्थानिकांना मिळणारी मानद जनरलपदं आणि वैद्यकीय सेवा बाजूला ठेवली, तर ही तलवार हिंदी माणसाच्या खांद्यावर आली ती 1947 मध्ये, करिअप्पा मेजर जनरल झाले तेव्हा. 15 जानेवारी 1949 ला ते सरसेनापती झाले, तरी देश अजून प्रजासत्ताक नव्हता, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर इंग्लंडच्या राजाचा मुकुटच होता! 26 जानेवारी 1950 नंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मधोमध तीन छोटे मुकुट असलेला 'ऑर्डर ऑफ द बाथ' या ब्रिटिश मानाच्या किताबाचा चौकोनी तारा गेला आणि साधा पाच टोकांचा तारा आला. तलवार आणि दंड मात्र तेच राहिले.

हा बदल ज्यांच्या स्वतःच्या गणवेशावर झाला अशांपैकी एक अलिबागचे. जनरल अरुणकुमार वैद्य तिथे 1926 मध्ये जन्मले आणि 1945 ला चिलखती दलात अधिकारी झाले. म्हणजे सुरुवात इंग्रजी ताऱ्यांनी. 1965 मध्ये आसल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स या रणगाडा पलटणीचं नेतृत्व केल्याबद्दल महावीरचक्र, 1971 मध्ये शकरगड भागात पुन्हा तेच पदक, आणि 1983 ते 1986 लष्करप्रमुखपद. तोवर खांद्यावर सिंह, तारा, तलवार आणि दंड होते.

संग्राहकाची खरी डोकेदुखी ही की या चिन्हांवर नाव नसतं. इंग्रजी काळातल्या मोहिमांच्या पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असे. खांद्यावरचे बिल्ले मात्र अधिकारी लष्करी शिंप्याकडून स्वतः विकत घेत. त्यामुळे सोबत फोटो, नेमणुकीचा कागद किंवा घरच्यांचं लेखी निवेदन नसेल तर 'अमुक जनरलचा' हे बोलणं हवेतलं.

मुकुटाचा आकार मात्र बरंच सांगतो. 1901 ते 1952 मधल्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर उचललेल्या असतात. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यावर खाली वळतात, आणि ती गादीवर येण्याआधीच भारत प्रजासत्ताक झाला होता. असा खाली वळलेला मुकुट '1945 च्या हिंदी सैन्याचा' म्हणून कोणी पुढे केला तर पाकीट खिशातच राहू द्यावं. ठशावर ठोकलेल्या बिल्ल्याची रेघ धारदार असते, ओतीव नकलेची बोथट आणि पृष्ठभाग खडबडीत. पाठीमागच्या कड्यांचा डाख ताजा चकचकीत दिसला तरी शंका घ्यावी.

कोकणातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पितळेवर हिरवा कळंक चढवतो. मग घरातलं कोणीतरी दिवाळीच्या आधी समईबरोबर बिल्लाही आमसुलाने घासून लख्ख करतं. सोनेरी मुलामा त्यातच जातो. ऑर्डर्लीने वर्षानुवर्षं पॉलिश केल्याने झालेली झीज उंचवट्यावर असते, खोलगट भागात मुलामा टिकून राहतो. आमसूल तिथेही पोचतं. कोरडं मऊ फडकं आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी एवढं पुरे.

कायद्याचंही बघावं लागतं. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं ही सर्वसाधारण मर्यादा आहे, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या वस्तूंनी ती ओलांडली. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आणि जमवलेली चिन्हं चौकटीत लावावीत, अंगावर नाही. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून सैनिकाचा पोशाख किंवा खूण वापरणं हा पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम 140 खाली गुन्हा होता, आता न्याय संहितेच्या कलम 168 खाली आहे.