दीर्घिकेचा परिसर आणि केंद्रीय कृष्णविवराची सक्रियता

बहुतेक सर्व मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी लक्षावधी ते अब्जावधी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्यांपैकी थोडीच कृष्णविवरे कोणत्याही एका काळी भोवतालचा वायू मोठ्या प्रमाणात ओढून घेत असतात. त्या वायूच्या तापलेल्या चकतीतून तीव्र प्रारण बाहेर पडते किंवा केंद्रातून द्रव्याचे झोत सुटतात, तेव्हा त्या केंद्राला सक्रिय दीर्घिका केंद्रक म्हणतात. दीर्घिका एकाकी आहे, जोडीत आहे, लहान गटात आहे की शेकडो दीर्घिकांच्या गुच्छात आहे, यावर केंद्रकाची सक्रियता कितपत ठरते, हा प्रश्न १९७० च्या दशकापासून अभ्यासला जात आहे. त्याचे एकच एक उत्तर मिळालेले नाही. ‘सक्रियता’ कोणत्या तरंगलांबीत मोजली आणि ‘परिसर’ किती अंतरापर्यंत धरला, यानुसार निष्कर्ष पालटतात.

मूळ अडचण अंतरांच्या प्रमाणाची आहे. कृष्णविवराचे गुरुत्वाकर्षण ताऱ्यांच्या एकत्रित गुरुत्वाकर्षणापेक्षा वरचढ ठरते तो प्रदेश फार लहान असतो. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील सुमारे ४० लक्ष सूर्य वस्तुमानाच्या कृष्णविवराबाबत त्याची त्रिज्या १० प्रकाशवर्षांच्या आसपास येते, तर आकाशगंगेच्या चकतीचा व्यास सुमारे १ लक्ष प्रकाशवर्षे आहे. दीर्घिकागुच्छाची व्याप्ती त्याहूनही मोठी, कित्येक दशलक्ष प्रकाशवर्षे असते. बाहेरच्या वायूला केंद्रापर्यंत पोहोचायचे तर त्याला आपला जवळजवळ सगळा कोनीय संवेग (केंद्राभोवती फिरण्याची मात्रा) गमवावा लागतो, आणि वाटेत त्याचा बराच भाग तारे बनण्यात खर्ची पडतो. म्हणून परिसराचा परिणाम कृष्णविवरावर थेट होत नाही. दीर्घिकेतील वायूचा साठा, त्याचे तापमान आणि त्याची गती यांमार्फत तो पोहोचतो. परिसराविषयीचे परस्परविरोधी वाटणारे बरेचसे निष्कर्ष हे सूत्र हाती धरल्यावर एकमेकांशी जुळू लागतात. कृष्णविवराची वायूची मागणी मात्र फार मोठी नसते. कृष्णविवरात पडणाऱ्या द्रव्याच्या विराम ऊर्जेपैकी, म्हणजे वस्तुमानातच सामावलेल्या ऊर्जेपैकी, सुमारे १० टक्के ऊर्जा प्रारणरूपाने बाहेर पडते (हायड्रोजनच्या संमीलनात हे प्रमाण ०·७ टक्के आहे), त्यामुळे तेजस्वी क्वासारलाही (दूरच्या, विलक्षण प्रखर सक्रिय केंद्रकालाही) वर्षाकाठी सूर्याच्या एकदोन पट वायू पुरतो.

पूर्वेतिहास : एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या केंद्रातील ठळक उत्सर्जन रेषा (वर्णपटात वायूमुळे उमटणाऱ्या तेजस्वी रेषा) एडवर्ड फाथ यांनी १९०८ मध्ये लिक वेधशाळेत नोंदल्या होत्या. कार्ल सायफर्ट यांनी १९४३ मध्ये रुंद उत्सर्जन रेषा दाखवणाऱ्या सहा दीर्घिकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. या सहांपैकी एनजीसी १२७५ ही ययाती (पर्सियस) गुच्छाची मध्यवर्ती दीर्घिका आहे, म्हणजे ती अत्यंत दाट परिसरातील आहे. बाकीच्या बहुतेक विरळ परिसरातील सर्पिल दीर्घिका आहेत. पुढे जो वाद उभा राहिला त्याच्या दोन्ही बाजू अशा रीतीने पहिल्याच यादीत शेजारी शेजारी होत्या. परिसर हा प्रश्न म्हणून तेव्हा कोणी मांडला नव्हता. ३सी २७३ या क्वासारची ताम्रसृती (वर्णपटातील रेषांचे तांबड्या टोकाकडे सरकणे; दूरच्या वस्तूंबाबत ती जास्त असते) मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ओळखली. ही ऊर्जा कृष्णविवरावर साचणाऱ्या द्रव्यातून येत असावी ही कल्पना एडविन सॉलपीटर व याकोव्ह झेल्डोविच यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली, आणि डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९६९ मध्ये ती जवळच्या दीर्घिकांच्या केंद्रांना लागू केली. भक्ष्य वायूरूप आहे हे मान्य झाल्यावर तो वायू कोठून येतो हा प्रश्न ओघानेच आला.

गुच्छांतील प्रमाणाचा वाद : उत्सर्जन रेषा दाखवणाऱ्या दीर्घिका दाट गुच्छांत कमी आढळतात असे गिझलर यांनी १९७८ मध्ये दाखवले. ड्रेसलर, टॉम्पसन व शेक्टमन यांच्या १९८५ मधील पाहणीचा आधार पुढे दीर्घकाळ घेतला गेला. तीनुसार गुच्छाबाहेरच्या दीर्घिकांपैकी सुमारे ५ टक्के दीर्घिकांत सक्रिय केंद्रक होते, गुच्छांत मात्र १ टक्का. गुच्छातील दीर्घिकांमधून थंड वायू निघून गेलेला असतो, तेव्हा केंद्रही उपाशी राहणार, हा अर्थ सरळ वाटला आणि रूढ झाला.

या तुलनेवर दोन आक्षेप आले. पहिला छेदाविषयीचा, म्हणजे टक्केवारी कोणत्या दीर्घिकांमधून काढली याविषयीचा आहे. गुच्छांत लंबवर्तुळाकार व मसुराकृती दीर्घिकांचे प्रमाण जास्त असते, हे ड्रेसलर यांनीच १९८० मध्ये सिद्ध केले होते. मग सर्व दीर्घिकांची सरसकट तुलना केली तर परिसराचा परिणाम मोजला गेला की दीर्घिकांच्या प्रकारांचे वेगळे मिश्रण, हे सांगता येत नाही. सारख्या ताराकीय वस्तुमानाच्या व सारख्या प्रकारच्या दीर्घिका घेऊन तुलना केली की फरक बराच आक्रसतो. आज वस्तुमान जुळवून न केलेली तुलना पुरावा म्हणून धरू नये, असेच म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप ओळखण्याच्या पद्धतीविषयीचा आहे आणि तो अधिक खोल जातो. चंद्रा क्ष-किरण वेधशाळेच्या साहाय्याने पॉल मार्टिनी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एबेल २१०४ या गुच्छातील सहा दीर्घिकांमध्ये क्ष-किरणांचे प्रखर स्रोत शोधले. त्यांपैकी एकाच दीर्घिकेच्या दृश्य वर्णपटात सक्रियतेची खूण होती. या गुच्छातील तेजस्वी दीर्घिकांपैकी निदान ५ टक्के दीर्घिका सक्रिय ठरल्या. केवळ दृश्य वर्णपटावर विसंबले असते तर आकडा जुन्या १ टक्क्याच्या जवळ राहिला असता. मध्ये येणारी धूळ, यजमान दीर्घिकेच्या ताऱ्यांचा प्रकाश आणि केंद्राजवळ रेषा उत्सर्जित करू शकेल अशा थंड वायूचा अभाव, यांपैकी कोणत्याही कारणाने दृश्य खुणा झाकल्या जाऊ शकतात. तिसरे कारण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण तेथे परिसर केंद्रकाची सक्रियता घटवत नसून तिची खूण पुसत असतो.

स्लोन अंकीय आकाश सर्वेक्षणातून मोठे नमुने हाती आले, तरी मतभेद मिटला नाही. मिलर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सक्रिय केंद्रकांचे प्रमाण परिसराच्या घनतेनुसार बदलत नाही असा निष्कर्ष काढला. गिनेव्हरा काउफमान व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की दुहेरी आयनीभूत (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनची रेषा तीव्र असलेली केंद्रके विरळ परिसरात दाट परिसराच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात आढळतात. विसंगतीचे मूळ मंद आयनीभवनाच्या केंद्रकांत, म्हणजे हेकमन यांनी १९८० मध्ये वेगळ्या काढलेल्या ‘लायनर’ वर्गात असावे. मिलर यांच्या नमुन्यात या वर्गाचा भरणा मोठा आहे. अशा दुर्बल रेषा म्हाताऱ्या, तप्त ताऱ्यांच्या प्रारणामुळेही निर्माण होतात, असे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. तेव्हा त्यांतील काही दीर्घिका मुळात सक्रिय नसण्याचीच शक्यता आहे. म्हणून तीव्र रेषांच्या केंद्रकांपुरता काउफमान यांचा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो.

गाठभेटी व विलीनीकरण : दोन दीर्घिका जवळून गेल्या की भरती-ओहोटीसारख्या प्रेरणांमुळे त्यांच्या चकत्या विस्कटतात आणि वायू केंद्राकडे घसरतो, हे अलार व ज्यूरी टूमरी या बंधूंनी १९७२ मध्येच सुचवले होते. सँडर्स व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अवरक्तात अतितेजस्वी दीर्घिका आणि क्वासार या विलीनीकरणाच्या लागोपाठच्या अवस्था मानल्या. २००५ नंतरच्या संगणकीय प्रतिरूपांनी या चित्राला मोठे बळ दिले. निरीक्षणे मात्र संमिश्र आहेत. सिस्टर्नास व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हबल दुर्बिणीच्या प्रतिमांतील १४० सक्रिय दीर्घिकांची निष्क्रिय दीर्घिकांशी तुलना केली. ८५ टक्क्यांहून अधिक सक्रिय दीर्घिकांत मोठ्या विस्कटीची चिन्हे नव्हती आणि दोन्ही गटांत फरकही आढळला नाही. त्याच वर्षी सारा एलिसन व सहकाऱ्यांनी जोड्यांमधील अंतर कमी होत जाते तसे सक्रियतेचे प्रमाण अडीच पटींपर्यंत वाढते असे दाखवले. ट्राइस्टर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केलेली मांडणी दोहोंना सामावून घेते : विलीनीकरणामुळे चेतलेली केंद्रके संख्येने १० टक्क्यांच्या आसपास असली, तरी तीच सर्वांत तेजस्वी असल्यामुळे कृष्णविवरांच्या एकूण वाढीचा निम्म्याहून अधिक भाग त्यांच्या वाट्याला येतो. शिवाय विलीनीकरणात केंद्र धुळीने झाकले जाते, त्यामुळे दृश्य प्रकाशापेक्षा अवरक्त निवडीत हा संबंध अधिक ठळक दिसतो. एनजीसी ६२४० मध्ये दोन सक्रिय कृष्णविवरे एकाच विलीन होत असलेल्या दीर्घिकेत आढळली आहेत (२००३).

विलीनीकरणाला अनुकूल परिसर गुच्छांचा नव्हे, तर लहान गटांचा. गटांत दीर्घिकांचे परस्परसापेक्ष वेग सेकंदाला २००–३०० किमी. असतात आणि त्या एकमेकींना धरून ठेवू शकतात. गुच्छांत ते १,००० किमी.च्या घरात जातात, व दीर्घिका एकमेकींजवळून झपाट्याने निघून जातात. क्वासारांचे आकाशातील वाटप याच्याशी सुसंगत आहे. ते किती दाटीने एकत्र आढळतात यावरून काढलेले त्यांच्या प्रभामंडलाचे, म्हणजे दीर्घिकांभोवती पसरलेल्या अदृश्य कृष्णद्रव्याच्या आवरणाचे, वस्तुमान काही लक्ष कोटी सूर्यांइतके, म्हणजे एखाद्या मोठ्या दीर्घिकेला किंवा छोट्या गटाला साजेसे येते.

गुच्छाचा तप्त वायू व रेडिओ सक्रियता : झोतांच्या रूपाने प्रकट होणाऱ्या सक्रियतेचे चित्र याच्या जवळजवळ उलट आहे. असे झोत रेडिओ तरंगांत दिसतात; ते सोडणाऱ्या रेडिओ दीर्घिकांची प्रभामंडले क्वासारांच्या तुलनेत सुमारे दहापट वस्तुमानाची आढळतात. फिलिप बेस्ट व सहकाऱ्यांच्या पाहणीनुसार (२००५) रेडिओ सक्रियतेचे प्रमाण ताराकीय वस्तुमानाबरोबर वेगाने वाढते आणि अतिप्रचंड दीर्घिकांत ३० टक्क्यांच्या वर जाते. गुच्छाच्या मध्यवर्ती दीर्घिकेत ते तेवढ्याच वस्तुमानाच्या इतर दीर्घिकांपेक्षाही अधिक असते (२००७).

याचे कारण गुच्छभर पसरलेला, काही कोटी अंश तापमानाचा विरल वायू. गुच्छाच्या मध्याशी तो सर्वांत दाट असतो, क्ष-किरणांवाटे ऊर्जा गमावतो आणि निवत जातो. निवण्याचा काळ सुमारे १ अब्ज वर्षांहून कमी असलेल्या गुच्छांत मध्यवर्ती दीर्घिका बहुधा रेडिओ सक्रिय असते. तप्त वायू थेट आत झिरपतो, की आधी त्यात थंड गोळे तयार होऊन ते केंद्राकडे कोसळतात, यावर मतभेद आहे. एनजीसी १२७५ भोवतीचे थंड वायूचे लांब तंतू पाहता दुसरा पर्याय अधिक संभाव्य दिसतो. आत येणारे द्रव्य तुलनेने मंद गतीने येत असल्याने चकती फारशी उजळत नाही आणि बरीच ऊर्जा झोतांवाटे बाहेर पडते. हे झोत तप्त वायूत पोकळ्या खोदतात. ययाती गुच्छात अशा पोकळ्या व त्यांभोवती पसरणाऱ्या दाबाच्या लहरी चंद्रा वेधशाळेच्या २००३ मधील प्रतिमांत दिसल्या. एमएस ०७३५·६+७४२१ या गुच्छातील दोन पोकळ्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ६ लक्ष प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. झोतांनी वायू पुन्हा तापतो, निवणे मंदावते, पुरवठा आटतो आणि काही काळाने चक्र पुन्हा सुरू होते. परिसर केंद्रकाला पोसतो आणि केंद्रक परिसराला तापवते, हा परस्परसंबंध येथे जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र कोठेही दिसत नाही.

गुच्छात शिरणाऱ्या दीर्घिका : गुच्छातील तप्त वायूतून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेवर समोरून दाब येतो व तिचा स्वतःचा वायू मागे खेचला जातो; ही प्रक्रिया गन व गॉट यांनी १९७२ मध्ये मांडली. असा वायू शेपटासारखा लोंबणाऱ्या दीर्घिकांना जेलीफिश दीर्घिका म्हणतात. बियांका पोजांती व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ठळक शेपटांच्या अशा सात दीर्घिका तपासल्या, तेव्हा बहुतेकींत सक्रिय केंद्रक आढळले. वायू हिरावून घेणारा दाब त्यातील काही भागाचा कोनीय संवेग घटवून त्याला आत ढकलत असावा, असा त्यांचा तर्क आहे. इतर काही नमुन्यांत हे प्रमाण बरेच कमी आले. शेपूट ठळक असलेल्या व वस्तुमानाने मोठ्या दीर्घिका निवडल्यामुळे पहिल्या नमुन्याला कल मिळाला असणे शक्य आहे. तथापि वस्तुमान जुळवलेल्या मोठ्या नमुन्यातही आधिक्य काही अंशी टिकून राहिले. ही अवस्था अल्पजीवी असावी, कारण वायू संपला की केंद्रही शांत होते.

दूरचे विश्व व महापोकळ्या : ताम्रसृती १ ते १·५ च्या दरम्यान, म्हणजे विश्वाचे वय आजच्या साधारण निम्म्याहून कमी असताना, गुच्छांतील क्ष-किरण सक्रियतेचे प्रमाण गुच्छाबाहेरच्या प्रमाणाएवढेच होते (मार्टिनी व सहकारी, २०१३). त्याहून आधी, ताम्रसृती ३·०९ वरील एसएसए २२ या घडत असलेल्या गुच्छात ते बाहेरच्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळले. त्या काळी दाट परिसरांतही थंड वायू मुबलक होता, असा याचा अर्थ लावला जातो; पण अशा घडत्या गुच्छांचे नमुने लहान आहेत. महापोकळ्यांमधील, म्हणजे विश्वातील जवळजवळ रिकाम्या विस्तीर्ण प्रदेशांतील, दीर्घिका लहान, निळसर व वायुसमृद्ध असतात. तेथे मध्यम तेजाच्या केंद्रकांचे प्रमाण किंचित जास्त असल्याचे स्लोन सर्वेक्षणावरून सुचवले गेले आहे.

काळाचाही विचार करावा लागतो. केंद्रकाची एकेक चमक लाखभर वर्षांतही विझू शकते, तर गाठभेट किंवा गुच्छप्रवेश कोट्यवधी वर्षे चालतो. पाहणीच्या क्षणी निष्क्रिय दिसणारी दीर्घिका नुकतीच सक्रिय असू शकते. आयसी २४९७ च्या शेजारचा, २००७ मध्ये लक्षात आलेला चमकता वायुमेघ अशाच एका मंदावलेल्या केंद्रकाच्या जुन्या प्रकाशाने उजळलेला आहे. परिसराशी असलेला संबंध पाहणीत पुसट दिसण्यामागे ही चंचलता बऱ्याच अंशी असावी.

अलीकडे उलट दिशेचा परिणामही तपासला जात आहे. मध्यवर्ती दीर्घिकेच्या लघु अक्षाच्या दिशेला असलेल्या उपदीर्घिकांत (तिच्याभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिकांत) ताऱ्यांची निर्मिती थांबण्याचे प्रमाण दीर्घ अक्षाच्या दिशेपेक्षा कमी आहे, असे मार्टिन-नवारो व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये स्लोन सर्वेक्षणावरून दाखवले. केंद्रीय कृष्णविवरातून निघणारे प्रवाह लघु अक्षाच्या दिशेने वाहतात व तेथील वायू विरळ करतात, त्यामुळे त्या बाजूच्या उपदीर्घिकांचा वायू कमी हिरावला जातो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.