स्टडलंडचे स्मारक आणि कॅनव्हासवर तरंगणारे रणगाडे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या स्टडलंड उपसागराकडे तोंड करून फोर्ट हेन्री हा काँक्रीटचा बंकर उभा आहे. लांबी सुमारे 27 मीटर, भिंती जवळपास 90 सेंटिमीटर जाड. कॅनडाच्या इंजिनिअर तुकडीने तो 1943 मध्ये बांधला. शेजारचे स्मारक 4 एप्रिल 1944 रोजी समोरच्या समुद्रात बुडालेल्या सहा जवानांचे. ते उभारायला 2004 साल उजाडले.

त्या दिवशी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईचा ‘स्मॅश’ हा सराव चालू होता. रेजिमेंट होती फोर्थ-सेव्हन्थ रॉयल ड्रॅगून गार्ड्स आणि रणगाडे होते व्हॅलेंटाइन डीडी, म्हणजे पोहणारे. कल्पना मूळचे हंगेरीचे निकोलस स्ट्राउसलर यांची. रणगाड्याभोवती कॅनव्हासची भिंत, तिला ताठ धरायला हवा भरलेल्या रबरी नळ्या आणि लोखंडी टेकू, मागे इंजिनवर फिरणारा पंखा. तरंगायची ती कॅनव्हासने अडवलेली पोकळी. सुमारे 17 टनांचे पोलाद पाण्याच्या पातळीखालीच असे.

घात होतो तो इथेच. लाट काठावरून आत आली की रणगाडा जड होतो, काठ आणखी खाली जातो, आणि पुढच्या लाटेला आत यायला कमीच चढावे लागते. टेकू वाकला तर तेवढाही वेळ मिळत नाही. कमांडर वर उभा, त्यामुळे त्याला उडी तरी मारता येई. चालक मात्र पोटात बसलेला. त्या सकाळी रणगाडे पाण्यात उतरल्यावर हवामान बिघडले आणि ते एकामागून एक बुडाले.

अवघ्या दोन आठवड्यांनी, 18 एप्रिलला, राजे सहावे जॉर्ज, पंतप्रधान चर्चिल आणि चढाईचे सेनानी आयझेनहॉवर व माँटगोमेरी याच बंकरातून सराव पाहायला आले.

युद्धकबरींची देखभाल करणारे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सेवेत असताना मेलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवते. मरण लढाईत आले की सरावात, हे तिथे पाहिले जात नाही; सुट्टीच्या दुपारी समुद्रात पोहायला उतरून बुडालेला जवानही त्याच यादीत असतो.

6 जूनला, प्रत्यक्ष चढाईच्या दिवशी, हीच रेजिमेंट नॉर्मंडीच्या ‘गोल्ड’ किनाऱ्यावर उतरली, ती शेर्मन डीडी घेऊन. समुद्र खवळला होता, म्हणून रणगाडे पोहायला न सोडता थेट किनाऱ्याशी आणून उतरवले.