उंचावरून धार धरली की वाइन सुधारते?

‘कामी नो शिझुकू’ ही जपानी मांगा (चित्रकथा मालिका) 2004 ते 2014 या काळात ‘मॉर्निंग’ साप्ताहिकात चालली. तिच्या सुरुवातीलाच नायक शिझुकू 1990 ची रिशबूर (फ्रान्सच्या बरगंडी भागातली लाल वाइन) उंचावरून रेशमी धागा सोडावा तशी डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओततो आणि वाइन खुलते. तेव्हापासून ‘कुठलीही चांगली वाइन अशीच ओतावी’ हा समज पसरला. तो चुकीचा आहे.

बारीक धारेमुळे वाइनला हवा जास्त लागते, एवढंच. फ्रान्सची बोर्दो किंवा इटलीची बारोलो अशा तरुण, तुरट लाल वाइनला ती मानवते. अशी वाइन डिकँटरमध्ये तास-दोन तास ठेवली तरी चालते. जुन्या बरगंडीचा नाजूक सुगंध मात्र त्यात उडून जातो आणि उरते फिकी, आंबट चव. ते नुकसान भरून निघत नाही.

तळाशी गाळ असलेली जुनी बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. बूच हळू काढा, बाटलीच्या मानेमागे दिवा धरा आणि न थांबता, अगदी जवळून ओता. मध्येच बाटली सरळ केली तर गाळ ढवळला जातो. गाळाची रेघ मानेपाशी दिसली की थांबा. लगेच प्या.