नागपूरच्या खलाशाने समुद्र पाहिलेला नसतो

अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेल्या कुणालाही खलाशी म्हणजे कोण ते विचारा. शिडाचं जहाज त्याच्या मनात येणारच नाही. येईल तो खांद्यावर दोराचं भेंडोळं टाकलेला रेल्वेचा माणूस. आमच्या शेजारचे काका असेच खलाशी. अंबाझरी तलावाहून मोठं पाणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, “समुद्र? कायले जातो बाप्पा तिकडे!” पण त्यांनी मारलेली गाठ ओढू तितकी आवळायची, आणि मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटायची.

दर्यावरचा हा शब्द इतका आत आला तो दोरामुळे. शिडाच्या जहाजावर खलाशाचं काम म्हणजे दोर ओढणं, कापड ताणणं, वजन उचलणं. तंबू ठोकायलाही हेच हात लागतात. म्हणून इंग्रजांच्या काळात तंबू उभारणाराही खलाशी झाला, मोजणीची साखळी वाहणाराही. नागपुरातल्या झिरो माइल या दगडी खांबाजवळ १९०७ सालची सर्वेक्षणाची खूण आहे, तीही उंची मोजते ती समुद्रसपाटीपासूनच. रेल्वे नागपुरात १८६७ साली आली आणि जड सामान हलवणाऱ्यांना तेच नाव पडलं.

‘नांगर’ची गंमत वेगळी. विदर्भातल्या माणसाला नांगर म्हणजे शेतातला. तो संस्कृत ‘लाङ्गल’वरून आलेला. जहाजाचा नांगर मात्र फारसी ‘लंगर’. दोन वेगळ्या घरचे शब्द मराठीत येऊन एकाच आवाजाचे झाले. त्यामुळे ‘जहाजाने नांगर टाकला’ हे वाक्य शाळेत वाचताना आमच्या वर्गात बैलजोडीच उभी राहिली होती.

शिडांच्या शब्दांत तर सगळा हिंदी महासागर येऊन मिसळलाय. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा धनी. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, तोही फारसीच, ‘सरहंग’ म्हणजे सरदार यावरून. आंग्र्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज ‘गुराब’, त्याचा मूळ अरबी अर्थ कावळा. डोलकाठीला आडवं लाकूड लावतात ते परबाण, त्यावर शीड. तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर पुढची तिरकट, मधली मोठी आणि मागची कलमी. यातलं तिरकट पोर्तुगिजांकडून आलं. वरच्या शिडाला खलाशी ‘गावी’ म्हणत, तेही पोर्तुगीजच. गावाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

ही खिचडी गरजेपोटी शिजली. कप्तान इंग्रज, सारंग कोकणी नाहीतर चटगावचा, खलाशी दहा बंदरांचे. वादळात ‘गावी उतरवा’ हे कळायला एक क्षण उशीर झाला तर डोलकाठीच मोडायची. म्हणून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजशी संबंधित कॅप्टन थॉमस रोबक यांनी १८११ साली इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश काढला. एरवी कोश पंडितांसाठी असतात. हा हुकूम सोडणाऱ्यांसाठी होता. घोळ इंग्रजांच्या घरातही होताच. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ आणि डाव्या बाजूला ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्यात दोन्ही सारखेच ऐकू येत, म्हणून १८४४ साली ब्रिटिश आरमाराने ‘लारबोर्ड’ काढून ‘पोर्ट’ आणला.

नागपूरचा समुद्राशी काहीच संबंध नव्हता, असं मात्र नाही. १७५१ पासून ओडिशातला कटक प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि बालेश्वरचं बंदर त्यातलंच. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहात तो सगळा किनारा इंग्रजांकडे गेला. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक बंगालच्या उपसागराच्या एका काठावर नागपूरचा अंमल होता. शाळेच्या इतिहासात आम्हाला हे एका ओळीत उरकून मिळालं.

आज शहरात सर्वांत जास्त ऐकू येणारा जहाजी शब्द सुकाणू, मूळ अरबी ‘सुक्कान’. निवडणूक आली की जो तो पक्ष सुकाणू समिती नेमतो, आणि एकेका समितीत सुकाणू धरायला पंधरा-पंधरा जण बसतात. जहाजावर त्यासाठी एकच सुकाणूवाला असे.