समानुभूती व मनाचा खुलेपणा (अध्ययनातील)

समानुभूती म्हणजे दुसऱ्याचे विचार, भावना आणि त्यांमागची कारणे त्याच्या जागी उभे राहून समजून घेण्याची क्षमता. मनाचा खुलेपणा म्हणजे आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावा प्रामाणिकपणे तपासण्याची आणि तो पटल्यास मत बदलण्याची तयारी. परिपक्व अध्ययनाच्या चर्चेत या दोन गुणांचा उल्लेख बहुधा जोडीने होतो. त्यांना स्वभावातील सौजन्य समजण्याचा प्रघात असला, तरी शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती ज्ञान मिळवण्याची साधने आहेत. एखादे मत मांडणाऱ्याला ते का पटते हे कळल्याशिवाय त्या मताची परीक्षा करता येत नाही; तसे न करता केलेले खंडन बहुधा आपणच उभ्या केलेल्या दुबळ्या प्रतिपक्षाचे असते. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे, हा भेद या विषयाच्या मुळाशी आहे.

गणितातील एक नेहमीची चूक येथे पाहण्यासारखी आहे. ०.३५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी आहे, असे दशांश अपूर्णांक नव्याने शिकणारी अनेक मुले सांगतात. उत्तरावर फुली मारून पुढे जाणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ‘हे कसे ठरवलेस?’ असे विचारणाऱ्याला मात्र कळते, की मुलाने पूर्ण संख्यांचा नियम दशांशचिन्हाच्या उजवीकडेही लावला आहे: ३५ हे ५ पेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठे. त्या चुकीत एक सुसंगत विचार आहे, आणि तो सापडला की नेमके काय समजावायचे आहे हेही स्पष्ट होते. वर्गात शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न विचारला, तर स्थानिक किंमत म्हणजे काय हे त्यालाही पूर्वीपेक्षा नीट उमगते.

दुसऱ्याची जागा घेण्याची क्षमता बालपणापासून क्रमाने विकसित होते. मानसशास्त्रज्ञ झां प्याजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मुलांपुढे तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवून, वेगळ्या बाजूला असलेल्या बाहुलीला काय दिसत असेल, असे विचारले. लहान मुले बहुतेक वेळा स्वतःला दिसणारे दृश्यच निवडत. अधिक सोप्या व ओळखीच्या मांडणीत याहून लहान मुलांनाही दुसऱ्याची बाजू ओळखता येते, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांच्या १९८३ मधील प्रयोगापासून सुरू झालेल्या संशोधनानुसार, दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते हे मुलांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी कळू लागते. क्षमता आली म्हणजे तिचा वापर होतोच असे नाही. मतभेदाच्या प्रसंगी प्रौढ माणूसही स्वतःला दिसणारे दृश्यच सर्वांना दिसत असल्याचे धरून चालतो, आणि शिक्षणाचे खरे काम येथून सुरू होते.

महाविद्यालयीन वयातील वैचारिक वाढीचा सर्वांत परिचित आराखडा विल्यम पेरी यांनी हार्व्हर्डमधील विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवरून १९७० मध्ये मांडला. प्रारंभी विद्यार्थ्याला प्रत्येक प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर असून ते शिक्षकांना ठाऊक असते, असे वाटते. पुढे जाणकारांतही मतभेद असतात हे दिसले, की ‘ज्याचे त्याचे मत’ अशी भूमिका येते. त्यानंतर मतांचे मोल संदर्भ व पुरावा पाहून ठरते हे समजते, आणि शेवटी अनिश्चितता पूर्णपणे मिटलेली नसतानाही विचारपूर्वक एक भूमिका स्वीकारली जाते. यांतील दुसऱ्या टप्प्यालाच खुलेपणा समजण्याची गफलत फार होते. सगळी मते सारखीच मानणारा कोणत्याच मताला तपासण्यायोग्य मानत नाही; त्याची सहिष्णुता पुष्कळदा विचार करण्याचे श्रम टाळणारी असते. पेरी यांचे निष्कर्ष मुख्यतः पुरुष विद्यार्थ्यांवर आधारलेले होते. मेरी बेलेंकी व त्यांच्या तीन सहकारी अभ्यासकांनी १३५ स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८६ मध्ये या चित्रात महत्त्वाची भर घातली: त्रुटी शोधत जाणाऱ्या चिकित्सेबरोबरच, समोरच्याच्या अनुभवात शिरून त्याचे म्हणणे आतून जाणण्याची एक स्वतंत्र आणि तितकीच शिस्तबद्ध रीत असते.

ही जाण आधुनिक मानसशास्त्रापेक्षा पुष्कळ जुनी आहे. भारतीय शास्त्रग्रंथांत स्वतःचा सिद्धांत मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडण्याची परंपरा आहे, आणि उत्तम पूर्वपक्ष तो, जो वाचून प्रतिपक्षालाही आपले म्हणणे नीट मांडले गेले असे वाटेल. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात वैद्यांनी आपसांत करावयाच्या चर्चेचे, म्हणजे तद्विद्यसंभाषेचे, संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार येतात. पहिली सलोख्याची, दुसरी विरोधाची. न रागावणाऱ्या, मत्सर न करणाऱ्या जाणकाराशी संधायसंभाषा करताना निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, हार होईल या भयाने अस्वस्थ होऊ नये आणि सरशी झाली तरी हर्षून जाऊ नये, असे तेथे सांगितले आहे. हरण्याची भीती हा शिकण्यातला केवढा मोठा अडथळा आहे, हे या उपदेशाने अचूक ओळखले आहे. विसाव्या शतकात अमेरिकी तत्त्वज्ञ व शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी खुल्या मनाला मनःपूर्वकता आणि जबाबदारी यांच्या बरोबरीने चिंतनशील विचाराची पूर्वअट मानले.

खुलेपणाचा नुसता निश्चय मात्र पुरत नाही, आणि याचा पुरावा स्पष्ट आहे. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस व मार्क लेपर यांनी १९७९ मध्ये मृत्युदंडाच्या समर्थक व विरोधक विद्यार्थ्यांना एकाच प्रकारचे परस्परविरोधी अभ्यास वाचायला दिले. दोन्ही गटांना आपल्या बाजूचा अभ्यास अधिक भक्कम वाटला आणि आपली मते अधिक ठाम झाल्याचे त्यांनी सांगितले. लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी १९८४ मध्ये पुढचा प्रयोग केला. शक्य तितके निःपक्षपाती राहा, एवढेच ज्यांना सांगितले होते त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. याच अभ्यासाचा निष्कर्ष उलट निघाला असता तर तुम्ही त्याच्या पद्धतीला हेच गुण दिले असते का, हे पडताळत वाचण्यास ज्यांना सांगितले, त्यांचा पक्षपात मात्र लक्षणीयरीत्या कमी झाला. समानुभूतीचीही गोष्ट अशीच आहे. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांच्या आधारे दाखवले, की स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून त्याचे मन अधिक अचूक ओळखता येत नाही. अचूकता वाढते ती त्याला विचारल्याने. म्हणजे परिपक्व शिकणारा ओळखावा तो त्याच्या सद्भावनेवरून नव्हे, तर तो कोणते प्रश्न विचारतो यावरून.

असे प्रश्न सवयीचे व्हावेत म्हणून काही पद्धती रूढ झाल्या आहेत. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सुचवलेला नियम सांगायला सोपा आणि पाळायला अवघड आहे: आधी बोललेल्या व्यक्तीचे विचार व भावना तिचे समाधान होईपर्यंत अचूक मांडून दाखवावेत, मगच आपला मुद्दा मांडावा. समाधान झाले की नाही हे मूळ बोलणाऱ्याने ठरवायचे असते, आणि त्यातच या नियमाची ताकद आहे. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, शाळांतील वांशिक विभाजन संपवताना उद्भवलेल्या तणावाच्या काळात, प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकच भाग देऊन उरलेले भाग इतरांकडून शिकून घ्यायला लावणारी पद्धत योजली. तीत सहाध्यायाचे ऐकणे ही धडा पुरा होण्यासाठीची गरज बनते.

दोन्ही गुणांना मर्यादा आहेत. मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांच्या मते भावनिक समानुभूती, म्हणजे दुसऱ्याची भावना स्वतः अनुभवणे, जवळच्या व आपल्यासारख्या माणसांकडे झुकते आणि त्यामुळे न्यायबुद्धीची दिशाभूल करू शकते. खुलेपणासाठी प्रत्येक सिद्ध गोष्ट दररोज नव्याने वादात आणण्याचीही गरज नसते; नवा पुरावा आल्यावर ती तपासण्याची तयारी पुरेशी असते. याहून गंभीर प्रश्न ओझ्याच्या वाटपाचा आहे. ज्याच्या माणूसपणावरच चर्चेत शंका घेतली जाते, त्यानेच समोरच्याला समजून घ्यावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरते, आणि समतोल चर्चेच्या नावाखाली ती अनेकदा धरली जाते. अशा वेळी चर्चेची चौकट ठरवणाऱ्या शिक्षकावर अधिक जबाबदारी येते.

मूल्यमापनासाठी बहुधा स्वतःविषयीच्या प्रश्नावल्या वापरतात. मार्क डेव्हिस यांच्या १९८० मधील प्रश्नावलीत २८ विधाने असून, दुसऱ्याचा दृष्टिकोन घेणे, कल्पनेतील व्यक्तींशी तादात्म्य, इतरांविषयीची कळकळ आणि दुसऱ्याच्या संकटात स्वतःला होणारा त्रास या चार अंगांचे त्यांत मोजमाप होते. अशा साधनांतून माणूस स्वतःला कसा समजतो हे कळते. तो प्रत्यक्षात कसा वागतो हे कळतेच असे नाही. म्हणून वर्गापुरती अधिक भरवशाची कसोटी ही, की विद्यार्थ्याने आपल्याला अमान्य असलेल्या मताचा गोषवारा लिहावा आणि ते मत मानणाऱ्याने तो वाचून काय सुटले व काय विपरीत झाले ते सांगावे.