मोल्सवर्थ (आडनाव)

मोल्सवर्थ हे इंग्लंडमधील एक विरळ, गावाच्या नावावरून आलेले आडनाव. मूळ उच्चार ‘मोल्झवर्थ’च्या जवळचा, मराठीत मोल्सवर्थ, मोलस्वर्थ ही रूपे रुळली. मराठी माणसाला हे नाव बहुधा कोशाचे नाव म्हणूनच आधी कळते. ‘मोल्सवर्थमध्ये बघ’ असे म्हणताना त्यामागे एक घराणे आणि त्याही मागे एक लहानसे खेडे आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

ते खेडे पूर्व इंग्लंडमध्ये, पूर्वीच्या हंटिंगडनशर परगण्यात आहे. १९७४ पासून तो भाग केंब्रिजशरमध्ये मोडतो. १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीन-पाहणीच्या दप्तरात गावाचे नाव ‘मोलेसवर्दे’ असे नोंदलेले आहे. नावाचे दोन भाग पडतात. पहिला ‘मूल’ हे जुन्या इंग्रजीतील पुरुषनाम. ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय. दुसरा ‘वर्थ’, म्हणजे कुंपण घालून राखलेली जागा आणि पुढे तिथे वाढलेली वस्ती. थोडक्यात, मूल नावाच्या कुणाचे तरी आवार. ‘मूल’ या शब्दाचा मूळ अर्थ खेचर. सातव्या शतकात केंटवर राज्य करणाऱ्या आणि ६८७ मध्ये तिथल्याच लोकांनी जाळून मारलेल्या एका राजाचेही नाव मूल होते; या गावाशी मात्र त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. जमीन पोखरणाऱ्या ‘मोल’ या प्राण्याशीही नावाचे नाते नाही. आजच्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे किंमत आणि मराठीत ‘मोल’ म्हणजेही किंमत, हा मात्र मराठी कानाला सुखावणारा निव्वळ योगायोग आहे.

गावावरून आडनाव पडण्याची रीत आपल्याकडच्या ‘कर’ आडनावांसारखीच. फरक असा की इंग्रजीत प्रत्यय लागत नाही. नॉर्मन अंमलात गावाच्या नावाआधी ‘द’ लावत. पुढे तो गळून गेला आणि नुसते गावच आडनाव म्हणून उरले. पहिल्या एडवर्डच्या काळात बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशर या परगण्यांचा शेरीफ असलेला वॉल्टर द मोल्सवर्थ हा घराण्याचा जुना ज्ञात पुरुष मानतात. गावचा जमीनदार सोडला, तर असे आडनाव बहुधा गाव सोडून गेलेल्यालाच चिकटते. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणायची गरज कुणाला पडते? मोल्सवर्थ घराण्याचा पुढचा सारा इतिहास त्या खेड्याबाहेरच घडला.

एक शाखा कॉर्नवॉलमधील पेनकॅरो येथे स्थिरावली. जमैकाचा कारभार पाहिलेल्या हेंडर मोल्सवर्थला १६८९ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. याच शाखेतले आठवे बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) हे घराण्यातील सर्वांत मोठ्या कर्तृत्वाचे पुरुष म्हणावे लागतील. हॉब्ज या तत्त्वज्ञाचे समग्र लेखन त्यांनी संपादित केले. गुन्हेगारांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या शिक्षेची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे ते १८३७–३८ मध्ये अध्यक्ष होते. त्या समितीने या प्रथेचे क्रौर्य उघडे पाडले आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सकडे कैदी पाठवणे थांबले. क्यू येथील वनस्पती उद्यान रविवारी सर्वसामान्यांसाठी खुले झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. १८५५ मध्ये ते वसाहतमंत्री झाले आणि काही महिन्यांतच वारले.

दुसरी शाखा आयर्लंडची. डब्लिनमधील एका व्यापाऱ्याचा मुलगा रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत होता. तिथली अनियंत्रित राजेशाही जवळून पाहून त्याने तिच्यावर कडक टीका करणारा ग्रंथ लिहिला आणि तो युरोपभर गाजला. १७१६ मध्ये त्याला व्हायकाउंट ही पदवी मिळाली. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ च्या रामिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरोच्या दिमतीला होता. मार्लबरो घोड्यावरून पडताच रिचर्डने स्वतःचा घोडा त्याला दिला आणि त्याचा जीव वाचवला. डब्लिनची मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याच्या नावाची. ती आजच्या आयरिश संसदेसमोर जाऊन संपते. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनलाही संसद मोल्सवर्थ स्ट्रीटवरच आहे.

स्थापत्य अभियंते सर गिलफर्ड मोल्सवर्थ (१८२८–१९२५) यांनी आधी सिलोनच्या रेल्वेचे काम पाहिले आणि नंतर ते हिंदुस्थान सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंता झाले. त्यांनी तयार केलेली अभियांत्रिकी सूत्रांची खिशात मावणारी पुस्तिका कित्येक दशके अभियंत्यांच्या हाताशी असे.

मराठीत हे नाव अजरामर केले ते जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) यांनी. कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून आलेल्या या माणसाने मराठी शब्द टिपायला सुरुवात केली आणि पुढे तेच त्याचे जीवितकार्य झाले. जॉर्ज आणि टॉमस हे कँडी बंधू व अनेक शास्त्री-पंडित यांच्या साहाय्याने त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत छापला गेला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६०,००० झाली. त्यांनीच हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला. लोकांनी त्यांना ‘मोलेसरशास्त्री’ म्हटले. परक्या आडनावाला ‘शास्त्री’ जोडणे हा त्या काळच्या विद्वत्तेने केलेला मोठा सन्मान होता. पोथीतल्या शब्दांबरोबरच शेतकऱ्यांचे, कारागिरांचे, स्वयंपाकघरातले शब्द, म्हणी आणि वाक्प्रचार या कोशात आहेत. पुण्यात १९७५ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण झाले आणि आज तो संगणकावरही पाहता येतो. त्यातला ‘वाडी’ हा शब्द मुद्दाम काढून पाहावा. कोशकाराने आधी कुंपण घातलेली जमीन हा अर्थ दिला आहे आणि मग शेतकऱ्यांच्या झोपड्यांची वस्ती, हा. त्यांच्या स्वतःच्या आडनावातल्या ‘वर्थ’चे अर्थही हेच, याच क्रमाने आलेले.